निंबावरचं बिऱ्हाड आणि आखाजीचा झोका

"यंदा आखाजीला आमच्या निंबाला झोका बांधता येणार नाही," हे वाक्य मी शेजारच्या सिंधुबाईंच्या अंगणात उभा राहून अत्यंत सभ्य भाषेत उच्चारलं. सभ्य भाषेत म्हणजे कचेरीच्या मराठीत. आमच्या गल्लीत तशा मराठीत कुणी बोललं की समोरचा माणूस आधी घाबरतो आणि मग चिडतो. सिंधुबाईंनी घाबरण्याचा टप्पा गाळला.

"काय बोलनात, नवलभाऊ? परत सांगा."

मी परत सांगितलं, पण आवाज पहिल्याइतका निघाला नाही.

"आखाजीले पोरीसना झोका बंद?" त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. सिंधुबाई सूप खाली ठेवतात तेव्हा शहाणा माणूस घरी जातो. मी थांबलो.

खानदेशाबाहेरच्या लोकांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. तिकडे अक्षय तृतीया म्हणतात आणि सोन्याच्या दुकानासमोर गर्दी करतात. आमच्याकडे ती आखाजी, आणि आखाजी लेकींची. तापीच्या अल्याडपल्याडच्या गावांतून सासरवाशिणी माहेरी येतात, सांजोऱ्या खातात, निंबाला झोका बांधतात आणि गाण्यांतून सासूचा उद्धार करतात. वर्षभर मान खाली घालून राबलेली पोर त्या दिवशी झोक्यावर उभी राहते आणि गल्लीतल्या सगळ्या घरांच्या धाब्यांच्या वरून बघते. ज्या पोरीची पहिली आखाजी, तिचा पहिला झोका. आणि यंदा गल्लीत पहिली आखाजी कुणाची होती? माझ्याच लेकीची, शोभाची! तेव्हा झोक्याशी माझं वैर होतं, असं जे गल्लीत पसरलं ते साफ खोटं आहे. माझं वैर कुणाशीच नव्हतं. मी फक्त काळजीत होतो, आणि काळजीतला माणूस लोकांना नेहमी भांडखोर दिसतो.

त्या काळजीचं मूळ निंबावर होतं.

होळी झाली त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मागच्या दारावर टकटक झाली. मी दार उघडलं, कुणी नाही. आत येऊन बसलो तर पुन्हा टकटक. "कोण आहे?" म्हणून विचारलं, पुन्हा कुणी नाही. तिसऱ्यांदा मी "या, या, बसा" म्हणतच दार उघडलं. बायको, गजराबाई, चुलीपुढून म्हणाली, "कोनले बसाडी ऱ्हायनात?" तेव्हा कुठे माझी नजर वर गेली. निंबाच्या मोठ्या फांदीला खालून एक पक्षी चिकटला होता. पाठ सोनेरी, डोक्यावर लाल तुरा, आणि चोचीनं असा ठोकत होता की जणू त्याला कुणी मजुरीवर लावलंय. सुतार पक्षी! थोड्या वेळानं त्याची बायकोही आली. तिचा तुरा पुढून काळा होता. दोघांनी पाळीपाळीनं फांदीला भोक पाडायला घेतलं.

मला बरं वाटलं. शोभाचं लग्न होऊन वर्ष व्हायला आलं होतं, आणि ती गेल्यापासून घरात आवाज उरला नव्हता. पोर मोठ्यानं हसणारी, भांडी आपटणारी, दारं धाडकन लावणारी. मी तिला त्यावरून जन्मभर रागावलो. आता मी आणि गजराबाई समोरासमोर बसून जेवायचो आणि भाजीत मीठ बरोबर आहे एवढं बोललो की आमचं बोलणं संपायचं. त्या घरात कुणीतरी ठोकायला लागलं हे मला फार आवडलं. मी रोज त्या ठोकण्यानं उठायला लागलो.

आवडलं एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण पाहुणा आला की त्याला विचारावं, हा आमचा संस्कार. मी परातीत ज्वारी ठेवली. ती चिमण्यांनी खाल्ली. दूधभात ठेवला, तो मांजरानं खाल्ला. मग सिंधुबाईंचे यजमान नथ्थूआप्पा सल्ला द्यायला आले. नथ्थूआप्पा ग्रामपंचायतीचे सभासद असल्यामुळे त्यांना सगळ्या विषयांतलं कळतं. ते म्हणाले, "आरे भो, त्या मुंग्या खातस. बुंधाले गूळ लाव. मुंग्या आपसूक येतीन."

मी गूळ लावला. मुंग्या आल्या. पण बुंध्यावरचा गूळ संपल्यावर त्यांनी घराकडे मोर्चा वळवला आणि शोभाच्या सांजोऱ्यांसाठी आणून ठेवलेली गुळाची अख्खी भेली ताब्यात घेतली. गजराबाईनं डबा उघडला तेव्हा भेली काळी होती आणि हलत होती.

"पाखरं निंबवर, मुंग्या घरमा, आनि तुम्ही मधमा," ती म्हणाली. "आते पोर उनी म्हंजे तिले काय खावाडू? मुंग्या?"

हे होतंय तोवर चैत्र लागला आणि फांदीच्या पोटातून किरकिर ऐकू यायला लागली. पिल्लं! मी कापसाच्या जिनात कामाला जाण्याआधी आणि आल्यावर निंबाखाली उभा राहून हजेरी घ्यायचो. साळुंक्या भोकावर डोळा ठेवून असत, त्यांना छत्री दाखवायचो. चैत्राच्या उन्हात छत्री उघडून झाडाखाली, म्हणजे सावलीत, उभा असलेला माणूस कसा दिसतो याची मला पूर्ण कल्पना आहे. लोकांनी ती मला वारंवार दिली.

आणि एके दिवशी, छत्री वर धरलेली असतानाच, माझ्या लक्षात आलं की ही झोक्याची फांदी आहे. वर्षानुवर्षांच्या दोरांनी तिच्यावर चर पडलेत, आणि त्या चराच्या वितभर पुढे भोक आहे.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. झोका बांधला तर पोरी आणि दोर आणि आरडाओरडा. पाखरं घाबरून पिल्लांना टाकून जाणार. बरं, तेवढंच असतं तर एक वेळ... पण फांदी आतून पोखरलेली. पहिला झोका शोभाचा. ती उभी राहणार, उंच जाणार, आणि मग कडाड! माझ्या डोळ्यांपुढून ते चित्र जाईना. जेवताना कडाड, पूजा करताना कडाड. जिनात मी काट्यावरचा कारकून, कापसाच्या वजनात माझी कधी चूक होत नसे. त्या आठवड्यात मी एका शेतकऱ्याला पावतीवर कापसाच्या जागी शोभाचं नाव लिहून दिलं.

म्हणून मी सिंधुबाईंकडे गेलो. पाखरांचं नाव मात्र घेतलं नाही. मापात राहून सांगितलं, "फांदी पोकळ आहे. मोडेल."

"मांगला साल तं नही मोडनी."

"यंदा मोडेल."

"तुम्हले फांदीनी येईसन सांगं का?"

मी म्हटलं, वजनाचा हिशेब आहे. झोक्यावर दोघी उभ्या राहतात, तेव्हा दोघींचा भार धरावा लागतो. आणि हिशेब चोख व्हावा एवढ्याच शुद्ध हेतूनं मी विचारलं, "उदाहरणार्थ, वहिनी, तुमचं वजन किती असेल?"

ओसरीवर बसलेले नथ्थूआप्पा एकदम उठले आणि मला बाहेर घेऊन आले. त्यामुळेच मी वाचलो असं मला आजही वाटतं. फाटकाशी आल्यावर ते पंचायतीच्या आवाजात म्हणाले, "धोका शे ना? मंग पंचायतले लिखी द्या. एकदाव कागद व्हयना का बायासनं तोंड बंद."

मला ते पटलं. माणूस घाबरला की त्याला कागदाचा आधार वाटतो. 'माझ्या परसातील निंबाची फांदी पोकळ व धोकादायक झाली असून तीस झोका बांधण्यास मनाई व्हावी' असा अर्ज मी दिला आणि घरी येऊन त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

सरकारी काम एवढ्या लवकर झालेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. तिसऱ्या दिवशी हुकूम आला. सदर फांदी परसामागील शेतरस्त्यावर येते आणि अर्जदार स्वतःच ती धोकादायक म्हणतो, सबब आखाजीच्या आत फांदी तोडून टाकावी. पंचायतीचा माणूस करवत घेऊन येईल.

मी तसाच, टोपी न घालता, पंचायतीत धावलो. ग्रामसेवकांना म्हटलं, "फांदी मजबूत आहे हो! लोखंडासारखी आहे."

"मग पोकळ कुणी लिहिलं?"

"मीच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे बघा, धोका आहे असा अर्ज मला घेता येतो. धोका नाही, असा अर्ज कोणत्या सदराखाली घेऊ? अशानं उद्या गावातला प्रत्येक जण येऊन आपल्याला कशाकशाचा धोका नाही ते लिहून देईल."

नथ्थूआप्पा तिथेच बसले होते. त्यांनी ते घरी सांगितलं. संध्याकाळी सिंधुबाई आमच्या दारात.

"आम्हनाकडे फांदी पोकळ, पंचायतमा फांदी लोखंड. नवलभाऊ, मानूसले जीभ एकच पाहिजे!"

मी काही बोलणार एवढ्यात गजराबाईनंच सगळं सांगून टाकलं. "आवो, पाखरं शेतस तठे. सुतार. त्यासनी पिलं काढेल शेतस. त्यानंकरता हाई बठ्ठं."

सिंधुबाई हसल्या. इतक्या हसल्या की गल्लीतल्या बायका काय झालं म्हणून बघायला आल्या, आणि ज्या आल्या त्याही हसल्या. मी आत जाऊन खुंटीकडे तोंड करून उभा राहिलो. मला फार लागलं ते. जिनातला धुडकू हमालसुद्धा दुसऱ्या दिवशी गोणी उचलताना म्हणाला, "नवलभाऊ, पाखरू बरं शे ना?"

हसण्यावारी गेलं असतं तरी चाललं असतं. पण गोष्ट मंगळवारच्या बाजारात गेली आणि बाजारातून तापी ओलांडून पल्याड. ओलांडताना तिला बरंच काही चिकटलं असावं, कारण शोभाच्या सासऱ्यांचा निरोप आला तो असा: नवलभाऊंची तब्येत बरी नाही असं ऐकतो. झाडही पडायला झालंय म्हणतात. तर पोरीनं यंदाची आखाजी इथेच करावी, पुढच्या वर्षी बघू. निरोप अगदी अदबीनं दिला होता. एकही शब्द वाकडा नव्हता, म्हणून भांडताही येईना.

गजराबाई चुलीपुढे बसून राहिली. चूल पेटवली नाही.

"पहिली आखाजी शे तिनी," ती म्हणाली. "तुम्ही त्या पाखरूनी पिलं मोजत ऱ्हायनात. मन्हं एकच पिलू व्हतं."

खरंच सांगतो, त्या वेळी मला त्या दोन्ही पाखरांचा, निंबाचा आणि माझ्या स्वतःचा अतोनात राग आला. फांदी तोडून टाकावी, पल्याड जाऊन व्याह्यांचे पाय धरावेत असं वाटलं. परसात गेलो तर नर चोचीत काहीतरी घेऊन आला, भोकात डोकं घातलं, आणि आतली किरकिर एकदम वाढली. मी परत आत आलो.

रात्रभर तळमळून मी एक तोड काढली. निंबाला दुसरी फांदी होती, उकिरड्याच्या बाजूची. जरा बारीक, पण धट्टीकट्टी. झोका तिला बांधू! तिची मजबुती पंचांसमक्ष सिद्ध करू, म्हणजे मोठी फांदी कुणाला नकोच आणि व्याह्यांनाही निरोप धाडता येईल. धुडकूकडून सरकीच्या गोण्या आणवल्या. गल्ली जमली. एक गोणी टांगली, फांदी हलली नाही. दुसरी टांगली, फांदी हलली नाही. माझी छाती फुगली. मी म्हटलं, "आता मी स्वतः बसून दाखवतो."

नथ्थूआप्पा म्हणाले, "राहू द्या."

गजराबाई म्हणाली, "राहू द्या!"

आयुष्यात या दोघांचं एकमत झालं तो प्रसंग हा एकच, आणि मी तो ऐकला नाही. गोण्या उतरवून झोक्यावर बसलो. पहिल्या हेलकाव्याला लोक कौतुकानं बघत होते. दुसऱ्या हेलकाव्याला मी हात सोडून नमस्कार केला. तिसऱ्या हेलकाव्याला तोच कडाड आवाज झाला, जो मी महिनाभर ऐकत होतो, फक्त दुसऱ्या फांदीचा.

उकिरडा मऊ होता म्हणून वाचलो. कंबर मात्र गेली. मी उताणा पडलो होतो आणि डोळ्यांपुढे सरळ वर पोकळ फांदी होती, जशीच्या तशी. तेवढ्यात भोकातून एक डोकं बाहेर आलं. लाल तुऱ्याचं, बावळट, चोच वासलेलं. मला बघून ते ओरडायला लागलं.

मी हलत नाही म्हणून सिंधुबाई वाकल्या, माझ्या डोळ्यांकडे बघितलं, आणि मी कुठे बघतोय ते त्यांनीही बघितलं. त्याच क्षणी मादी आली आणि एवढ्या गर्दीला न जुमानता पिल्लाच्या घशात चोच घालून भरवायला लागली.

"व माय!" सिंधुबाई म्हणाल्या. "लेकरूले भरवी ऱ्हायनी ती!"

मग त्या सरळ झाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "आयका! तुमना पंचायतना करवतवाला आठे उना ना, तं त्याले आनि तुम्हले मी देखी लिसू. पिलं उडतीन तवलोक हाई फांदीले कोनी हात लावाना नही."

नथ्थूआप्पांनी तिथल्या तिथे हुकूम तहकूब केला. अर्ज लागला नाही, सदर लागलं नाही, काही नाही.

"आनि झोका?" एका पोरीनं विचारलं.

"झोका तं पाहिजेच," सिंधुबाई म्हणाल्या. "कोठे बांधाना ते नवलभाऊ सांगतीन."

म्हणजे काळजी परत माझ्याकडेच आली. मला खाटेवर घालून घरात नेलं, कंबरेला निरगुडीचा पाला बांधला, आणि मी छताकडे बघत पडलो. आखाजी दोन दिवसांवर. दुसरं झाड गल्लीत नाही. धुडकू सरकीच्या गोण्या परत न्यायला आला. म्हणाला, "काटा बंद शे आते. तिकटी मोकळीच पडेल शे, नही तं तठेच तोलतू या फांदीले." आणि निघून गेला.

तिकटी! मी उठायला गेलो आणि ओरडून परत पडलो. जिनात ज्याला मोठा काटा टांगतात, ती सागाच्या तीन भक्कम ओंडक्यांची तिकटी. कापसाचा हंगाम संपला की ती कोपऱ्यात उभी असते. तिच्यावर मी सबंध मुलखाचा कापूस तोललाय. ती कधी कुरकुरल्याचं मला आठवत नाही.

जिनाचे मालक चुनीलाल शेठ यांना चिठ्ठी पाठवली. शेठ स्वतःच बघायला आले. माझी कंबर बघितली, निंब बघितला, आणि म्हणाले, "नवलभाई, तिकटी लेई जावा. पन काटा जिनमाच ठेवजो. नही तो तमे पोरींचं वजन करशो."

म्हणजे ती गोष्ट त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

माझा पुतण्या भिकन याला पोरीला आणायला मुराळी म्हणून तापीपल्याड पाठवला. निरोप एवढाच दिला की झाडाला झोका नाही. जिनातल्या मोठ्या काट्याच्या तिकटीला आहे. पोरीला पाठवावं, ही विनंती. यापेक्षा जास्त बोलायला मला तोंड नव्हतं.

आखाजीच्या सकाळी धुडकू आणि मंडळींनी तिकटी गाडीतून आणून आमच्या दारापुढे उभी केली. तिनं सगळी गल्ली अडली, कुणाची गाडी जाईना की बैल. दोर बांधला. गल्लीतल्या सासरवाशिणी नवी लुगडी नेसून भोवती जमल्या, पण झोक्यावर कुणी बसेना. पहिला झोका शोभाचा. सकाळची मोटार आली, त्यात शोभा नव्हती. सिंधुबाई दर थोड्या वेळानं "येई, येई" म्हणत होत्या, आणि दर वेळी जरा हळू. पूर्वजांची घागर पुजून झाली. पातेल्यात झाकून ठेवलेला आंबरस तापला. ऊन डोक्यावर आलं. पोरींची गाणी सुरू झाली आणि मधेच थांबली.

मी ओसरीवर खाटेवर पडून होतो. गजराबाई उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती हे मला बरं वाटत होतं.

मागच्या दारावर टकटक झाली.

गजराबाई उठायला लागली. मी म्हटलं, "बठ. पाखरू शे ते."

टकटक थांबली. पुन्हा झाली, जोरात.

"पाखरूच शे," मी म्हटलं. "पिलं मोठी व्हयनीत ना. आते असंच करतीन."

मग दार असं धडाधड वाजलं की भिंतीची माती पडली. कोणतंही पाखरू जन्मात तसं ठोकणार नाही. तसं ठोकणारं एकच माणूस आमच्या घरात होतं.

"आबा! दार उघडा ना! कव्हयनी ठोकी ऱ्हायनू!"

गजराबाई कशी गेली ते मला दिसलं नाही. मी कंबर विसरून उठलो आणि दोन पावलांवर भिंत धरून उभा राहिलो. शोभा आत आली, घामानं निथळत, पायांना तापीची वाळू. मोटार चुकली म्हणून ती आणि भिकन सासऱ्यांच्या बैलगाडीनं नदीतून आले होते. गल्ली तिकटीनं अडवलेली, म्हणून शेताकडून मागच्या दारी. भिकन गाडी सोडत होता.

"धाडं कसं त्यासनी?" गजराबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून विचारलं.

"आधी नहीच बोलनात," शोभा म्हणाली. "मंग भिकननी काटानी तिकटी सांगी. तं मामंजी बोलनात, नवलभाऊना काटा का? मंग जाऊ द्या पोरले. त्या काटावर आपला कापूस कधी छटाकभर कमी भरना नही."

मी एका हातानं कंबरेचा पाला उगाचच सारखा केला.

शोभानं माझ्या कंबरेच्या पाल्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या छत्रीकडे बघितलं. "आबा, इतलं दार वाजाडं. कान गयात का तुमना?"

"कान नही गयात व," सिंधुबाई दारातून म्हणाल्या. "पाखरूनी टकटकले तीन-तीन डाव उठेत. पोटनी आंडेर उनी तं खाटवरथून हालनात नहीत."

सगळ्या हसल्या. शोभा तर अशी हसली की परसातली पाखरं उडाली. मग तिनं पदर खोचला, बाहेर पळाली, आणि जाताना दार धाडकन लावलं.

या वेळी मी रागावलो नाही.